एचआयव्ही आणि मानसिक आरोग्य: नव्या संशोधकांसाठीची मेंटॉर्ड पायलट अनुदाने कितपत उपयोगी?

एचआयव्ही आणि मानसिक आरोग्य या दोन्हींना जोडणारं काम करू पाहणाऱ्या नव्या संशोधकाला अमेरिकेत पहिला पैसा बहुतेक वेळा थेट एनआयएचकडून, म्हणजे तिथल्या सरकारी राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून, मिळत नाही. तो मिळतो विद्यापीठातल्या एड्स संशोधन केंद्राकडून. ही केंद्रं दोन प्रकारची. पहिली 'सेंटर फॉर एड्स रिसर्च', म्हणजे सगळे ज्यांना सीफार म्हणतात ती. हा कार्यक्रम 1988 पासून चालू आहे. दुसरी एनआयएमएचच्या (एनआयएचच्या मानसिक आरोग्य शाखेच्या) पैशावर चालणारी, वर्तन आणि मानसिक आरोग्यावर भर देणारी एड्स संशोधन केंद्रं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं केंद्र 1986 मध्ये सुरू झालं, न्यूयॉर्कमधलं कोलंबियाशी जोडलेलं एचआयव्ही सेंटर 1987 मध्ये. दोन्ही प्रकारांना एनआयएचचं पी-30, म्हणजे केंद्र चालवण्यासाठीचं, अनुदान असतं आणि त्यातला एक हिस्सा नव्यांना छोटी, म्हणजेच पायलट, अनुदानं देण्यासाठी राखलेला असतो. रक्कम साधारण 25,000 ते 50,000 डॉलर, मुदत एक वर्ष, सोबत नेमलेला मेंटॉर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक.

आमचं मत आधीच सांगतो. ही अनुदानं जरूर घ्यावीत, पण पैशासाठी नव्हे. 40,000 डॉलरमध्ये उपचारपद्धती सिद्ध होत नाही, आणि एका माणसाचा वर्षभराचा पगारही धड निघत नाही. खरा माल आहे तो मेंटॉरचा वेळ, केंद्रातल्या संख्याशास्त्रज्ञाची मदत, आणि पुढच्या मोठ्या अर्जातल्या एका विशिष्ट शंकेचं उत्तर मिळवण्याची संधी. हे तीन ज्याने वसूल केले त्याचं वर्ष सार्थकी लागलं. ज्याने या पैशात मोठ्या अनुदानाची छोटी प्रतिकृती उभी करायचा प्रयत्न केला, त्याच्या हाती वर्षअखेरीस सहभागींची अर्धवट भरती आणि काहीच न सांगणारे आकडे राहतात.

अर्ज कोण करू शकतं

नियम केंद्रागणिक बदलतात. बहुतेक ठिकाणी प्राध्यापकपद, निदान इन्स्ट्रक्टर किंवा असिस्टंट प्रोफेसर, लागतं. काही ठिकाणी पोस्टडॉकलाही (पीएचडीनंतर प्रशिक्षण घेणाऱ्यालाही) चालतं, पण पुढच्या नेमणुकीचं पत्र मागतात. एनआयएचच्या व्याख्येत 'अर्ली स्टेज' म्हणजे शेवटची पदवी किंवा वैद्यकीय प्रशिक्षण संपल्यापासून 10 वर्षांच्या आत असलेला आणि आर-01 सारखं मोठं स्वतंत्र अनुदान अजून न मिळालेला संशोधक. बरीच केंद्रं हीच व्याख्या वापरतात. आधी दुसऱ्या विषयात काम केलेल्या, पण एचआयव्हीत नव्याने येणाऱ्या ज्येष्ठांनाही काही केंद्रं घेतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

व्हिसावर असलेल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. के-01 आणि के-23 या करिअर अनुदानांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. पायलट अनुदानाला सहसा ती अट नसते. विद्यापीठातली नेमणूक पुरते. आर-03, आर-21, आर-34 आणि आर-01 या एनआयएचच्या संशोधन अनुदानांनाही ती अट नाही, आणि के-99 या पोस्टडॉकसाठीच्या करिअर अनुदानालाही नाही; मात्र के-99 ला पोस्टडॉकच्या अनुभवाची 4 वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे ज्यांना के-23 चा रस्ता बंद आहे त्यांच्यासाठी पायलटवरून थेट आर-21 किंवा आर-34 हाच व्यवहार्य मार्ग, आणि त्यांनी पायलटची आखणी पहिल्या दिवसापासून त्याच हिशेबाने करावी.

अर्ज कुठे अडतो

सर्वांत जास्त अर्ज पडतात ते एकाच कारणाने: अभ्यास नैराश्याचा असतो, त्यात एचआयव्ही फक्त नमुन्याच्या वर्णनात असतो. 'एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण जास्त आहे, म्हणून आम्ही त्यांच्यावर अमुक थेरपी करून पाहू' हे पुरेसं नाही. पैसा एड्स संशोधनासाठी राखलेला आहे आणि एनआयएचने 2015 मध्ये त्याचे अग्रक्रम ठरवून दिले: नवा संसर्ग कमी करणं, उपचार सुधारणं, रोगमुक्तीचा शोध, आणि एचआयव्हीसोबत येणारे आजार व गुंतागुंत. परीक्षकाला दिसायला हवं की तुमच्या प्रश्नात एचआयव्ही काढला तर प्रश्नच उरत नाही. उदाहरणार्थ, नैराश्य कमी झाल्याने औषधं नियमित घेतली जातात का, की उपचार सुटलेला माणूस क्लिनिकमध्ये परत येतो का. कलंकाच्या भीतीने समुपदेशन टाळणाऱ्यांना प्रेपपर्यंत, म्हणजे संसर्ग टाळणाऱ्या औषधापर्यंत, कसं आणायचं. एफाविरेन्झ किंवा डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधांमुळे झोप बिघडलेली असताना पीएचक्यू-9 या नैराश्याच्या प्रश्नावलीचा आकडा नेमकं काय मोजतो.

शेवटचा मुद्दा वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. पीएचक्यू-9 मध्ये 9 प्रश्न, गुण 0 ते 27, आणि 10 किंवा जास्त म्हणजे पुढे तपासणी हवी. पण त्यातले झोप, थकवा आणि भूक हे तीन प्रश्न आजारामुळे किंवा औषधामुळेही वर जातात. कार्यक्षेत्रातला परीक्षक हे विचारणारच. अर्जात एक वाक्य हवं: शारीरिक लक्षणांचे आणि मनःस्थितीचे गुण वेगळे करून पाहू. एवढ्याने लेखकाला विषय कळतो हे सिद्ध होतं.

दुसरी मोठी चूक निष्पत्तीच्या, म्हणजे परिणाम म्हणून काय मोजायचं याच्या, निवडीत होते. सगळ्यांना व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) हवा असतो, कारण तो ठोस वाटतो. आता हिशेब करा. रायन व्हाइट या सरकारी एचआयव्ही-उपचार कार्यक्रमाच्या क्लिनिकमध्ये उपचार घेणाऱ्यांपैकी 2022 मध्ये सुमारे 90 टक्के लोकांचा विषाणू दबलेला होता, म्हणजे रक्ताच्या मिलिलिटरमागे 200 प्रतींच्या खाली. अशा क्लिनिकमधून सरसकट 30 जण घेतले तर 27 जणांच्या आकड्याला सुधारायला जागाच नाही. उरलेल्या 3 जणांवर तुम्ही काय दाखवणार? तेव्हा एक तर मागच्या वर्षभरात 200 च्या वर गेलेले किंवा भेटी चुकवलेले लोकच निवडा आणि भरती हळू होईल हे मान्य करा, नाही तर व्हायरल लोडऐवजी वाळलेल्या रक्तठिपक्यातलं टेनोफोव्हिर-डायफॉस्फेट (टेनोफोव्हिर या एचआयव्हीच्या औषधाचा रक्तात उरणारा अंश) मोजा. त्याचं अर्धायुष्य साधारण 17 दिवस असल्यामुळे गेल्या काही आठवड्यांतल्या गोळ्यांचा सरासरी अंदाज येतो. 'गेल्या आठवड्यात किती गोळ्या चुकल्या' या तोंडी उत्तरावर एकट्याने भिस्त ठेवू नये. लोक चांगलंच सांगतात.

30 माणसांत काय कळतं आणि काय नाही

'पायलटमधून परिणामाचा आकार काढू आणि त्यावरून मोठ्या चाचणीचा नमुना ठरवू' हे वाक्य अजूनही अर्जांत येतं. ते काढून टाका. दोन गटांत 15-15 माणसं असतील आणि फरक 0.4 प्रमाणित एकक (प्रमाण विचलनाच्या 0.4 पट) आला, तर 95 टक्के विश्वासमर्यादा (खरा फरक जिथे असू शकतो तो पट्टा) साधारण उणे 0.3 ते 1.1 अशी पसरते. म्हणजे उपचाराने थोडं नुकसान झालं असेल किंवा फार मोठा फायदा झाला असेल, दोन्ही शक्य. त्यावर शेकडो माणसांची चाचणी आखणं धोक्याचं आहे. आकडा योगायोगाने मोठा आला तर पुढची चाचणी अपुऱ्या नमुन्यावर उभी राहते. लहान आला तर चांगली कल्पना अकाली मरते.

पायलट सांगू शकतो ते हे: लोक येतात का, टिकतात का, सत्रं ठरल्याप्रमाणे होतात का, मोजमाप जमतं का. इथेही अचूकता किती मिळेल ते आधीच लिहा. 30 पैकी 24 जण शेवटपर्यंत राहिले तर टिकण्याचं प्रमाण 80 टक्के, पण मर्यादा सुमारे 63 ते 90. 60 पैकी 48 राहिले तर तीच मर्यादा 68 ते 88 होते. मग अर्जातच रेघ ओढा: 80 किंवा वर गेलं तर हाच आराखडा पुढे नेऊ, 65 ते 80 मध्ये अमुक बदल करू, त्याखाली गेलं तर थांबू. अशी रेघ आधी ओढलेली असली की वर्षअखेरीस निष्कर्ष लिहिताना ओढाताण करावी लागत नाही.

भरती अजिबात न करणाराही एक चांगला पर्याय आहे आणि तो फार कमी लोक निवडतात. सीएनआयसीएस या सीफारच्याच क्लिनिक-जाळ्यात रुग्ण भेटीच्या वेळी टॅबलेटवर स्वतः उत्तरं भरतात. त्यात पीएचक्यू-9 आणि दारूविषयीचं ऑडिट-सी असतं आणि ते व्हायरल लोडशी जोडता येतं. 2019 मध्ये एकत्र आलेल्या मॅक्स आणि विह्स या दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या एचआयव्ही अभ्यास-समूहांत नैराश्यासाठी 20 प्रश्नांची सीईएस-डी ही प्रश्नावली वर्षानुवर्षं भरली गेली आहे. संकल्पनापत्र मंजूर करून घेणं आणि डेटा हातात येणं याला महिने लागतात, पण ते एकदा झालं की 12 महिन्यांत खरा, छापण्याजोगा निबंध होतो. शिकवण्याचा भार असलेल्या नव्या प्राध्यापकाला आम्ही हाच मार्ग आधी सुचवू.

12 महिने म्हणजे प्रत्यक्षात 8

या अनुदानांबद्दलची आमची मुख्य तक्रार मुदतीची आहे. घड्याळ पैसा मंजूर झाल्यावर सुरू होतं, पण काम आयआरबीच्या, म्हणजे संस्थेच्या नैतिकता समितीच्या, मंजुरीशिवाय सुरू होत नाही. सीफारच्या पायलटमध्ये उपचाराची किंवा वर्तनबदलाची चाचणी असेल, सहभागी असुरक्षित गटातले असतील किंवा काम परदेशात असेल, तर आयआरबीनंतर एनआयएचची वेगळी परवानगीही लागते आणि ती येईपर्यंत खर्चाला हात लावता येत नाही. एनआयएचच्या व्याख्येप्रमाणे चाचणी असेल तर पहिल्या सहभागीनंतर 21 दिवसांच्या आत क्लिनिकल ट्रायल्स नोंदणीही हवी.

हिशेब मांडून पाहा. पहिले 3 महिने परवानग्यांत गेले. पाठपुरावा 3 महिन्यांचा आहे आणि शेवटचा एक महिना विश्लेषणाला हवा, म्हणजे शेवटचा सहभागी आठव्या महिन्यात यायलाच हवा. भरतीला उरले 5 महिने. 30 जण हवेत तर महिन्याला 6. पात्र लोकांपैकी निम्मे तयार होतात असं धरलं तर महिन्याला 12 पात्र लोक हवेत, आणि तपासलेल्यांपैकी एक तृतीयांश पात्र ठरतात असं धरलं तर महिन्याला 36 जण तपासायला हवेत. तुमच्या क्लिनिकमध्ये महिन्याला अशी 36 माणसं येतात का? हा प्रश्न अर्ज लिहिण्याआधी नोंदणी खिडकीवरच्या माणसाला विचारावा, विभागप्रमुखाला नव्हे. आकडा खिडकीवरच्यालाच माहीत असतो.

उपाय साधा आहे: आयआरबीचा अर्ज निकालाची वाट न पाहता, प्रस्ताव दिला त्याच आठवड्यात लिहायला घ्या. पैसा वर्षात संपला नाही तर तो सहसा पुढच्या वर्षी नेता येत नाही, कारण तो केंद्राच्या पी-30 च्या वर्षाशी बांधलेला असतो. मुदतवाढ मिळेलच असं कुठेही धरून चालू नये.

40,000 डॉलर कुठे जातात

नमुन्यादाखल: वर्षाला 55,000 डॉलर पगाराच्या समन्वयकाचा 40 टक्के वेळ, म्हणजे 22,000, त्यावर 28 टक्के भत्ते, 6,160. झाले 28,160. सहभागींना 30 जण, 3 भेटी, दर भेटीला 50 डॉलर: 4,500. एकेक तासाच्या 20 मुलाखतींचं लिप्यंतर, मिनिटाला पावणेदोन डॉलर दराने: 2,100. उरले 5,240, त्यात भाषांतर, रक्ताच्या तपासण्या आणि प्रवास बसवायचा. तुमचा स्वतःचा पगार यात कुठेच नाही, आणि बऱ्याच केंद्रांत तो घेताही येत नाही. म्हणून विभागाकडून संरक्षित वेळाचं पत्र आधी घ्यावं, आणि त्यात 'पाठिंबा आहे' असं मोघम न लिहिता आठवड्याचे तास लिहून घ्यावेत.

समन्वयकाला 40 टक्क्यांखाली आणून वाचलेला पैसा सहभागींकडे वळवण्याचा मोह होतो. तो टाळा. भरती माणूस करतो. समन्वयक आठवड्यातून एकच दिवस क्लिनिकमध्ये असेल तर बाकी चार दिवसांचे रुग्ण हातचे जातात.

पैसे देण्याची पद्धतही तपासा. विद्यापीठाच्या देयकप्रणालीत, पाकिटावर किंवा बँकेच्या नोंदीत अभ्यासाचं नाव छापलं जातं. अभ्यासाच्या छोट्या नावात एचआयव्ही हा शब्द असेल तर सहभागीची गोष्ट घरात उघड होऊ शकते. नाव ठेवतानाच तो शब्द टाळावा. आठवणीच्या संदेशांत आणि व्हॉइसमेलमध्येही टाळावा. एनआयएचच्या पैशावरच्या अशा संशोधनाला 1 ऑक्टोबर 2017 पासून गोपनीयतेचं प्रमाणपत्र आपोआप लागू होतं, आणि ते संमतीपत्रात सहभागीला सांगावं लागतं. पण ते न्यायालयापासून वाचवतं, शेजाऱ्यापासून नाही.

नववा प्रश्न

पीएचक्यू-9 चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. पायलटच्या अर्जात त्याबद्दल हमखास एक ओळ असते: 'गरज पडल्यास तज्ज्ञाकडे पाठवू.' ही ओळ अपुरी आहे, आणि प्रत्यक्षात धोक्याची आहे. सहभागी रात्री 11 वाजता फोनवर प्रश्नावली भरतो, नवव्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' निवडतो, आणि उत्तर सोमवारी सकाळपर्यंत सर्व्हरवर पडून राहतं. मधला शनिवार-रविवार कुणाच्याच जबाबदारीवर नसतो.

नीट आराखड्यात असं असतं: प्रश्नावली कर्मचाऱ्यासमोर किंवा कामाच्या वेळेतच भरायची. शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं की समन्वयकाने त्याच भेटीत आत्महत्येचा धोका तपासणाऱ्या कोलंबिया मापनातले प्रश्न विचारायचे. बेत किंवा हेतू दिसला तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि ठरलेल्या मानसोपचारतज्ज्ञाला लगेच फोन लावायचा. त्या तज्ज्ञाचं नाव, नंबर आणि तो रजेवर असताना कोण, हे तीनही कागदावर हवं. घरून भरायची प्रश्नावली असेल तर नववा प्रश्न वगळून पीएचक्यू-8 वापरणं प्रामाणिकपणाचं आहे. मात्र तसं केल्यास आत्महत्येचा धोका मोजल्याचा दावा निबंधात करू नये. आणि समन्वयकाचा सराव आधी झालेला असावा; पहिली खरी घटना हाच त्याचा पहिला सराव ठरू नये.

मेंटॉर: जिथे किंमत वसूल होते

जाहिरातीत मेंटॉरचं नाव हवं असतं, म्हणून लोक सर्वांत मोठं नाव शोधतात. मोठ्या नावाचं पत्र मिळतं, वेळ मिळत नाही. दोन माणसं घ्यावीत: एक विषयातला, ज्याला एनआयएमएचकडे काय चालतं हे ठाऊक आहे, आणि एक पद्धतीतला, जो आराखड्यातली भोकं दाखवेल. दोघांपैकी एकाकडे तरी या क्षणी चालू अनुदान असावं, कारण परीक्षकांच्या सध्याच्या अपेक्षा त्यालाच कळतात. एनआयएचने 25 जानेवारी 2025 पासून परीक्षणाची चौकट बदलली: प्रश्नाचं महत्त्व, काटेकोरपणा आणि व्यवहार्यता, आणि कौशल्य व साधनं, असे आता तीन घटक आहेत. जुन्या पाच निकषांवर घोटून तयार केलेला सल्ला आता अर्धाच लागू पडतो.

'नियमित भेटू' हे मेंटॉरच्या पत्रात निरर्थक आहे. पत्रात असावं: महिन्यातून दोनदा 45 मिनिटं; तिसऱ्या महिन्यात आयआरबीची कागदपत्रं एकत्र वाचणं; सहाव्या महिन्यात भरतीचा तक्ता पाहून 'चालू ठेवायचं की बदलायचं' हा निर्णय; आठव्या महिन्यात पुढच्या अर्जाचं उद्दिष्टांचं एक पान; दहाव्या महिन्यात केंद्रातल्या लोकांपुढे खोटं, म्हणजे सरावाचं, परीक्षण. हे खोटं परीक्षण बऱ्याच केंद्रांत फुकट मिळतं आणि फार थोडे मागतात. आमच्या अंदाजाने सगळ्या अनुदानात याच एका गोष्टीचं मोल सर्वांत जास्त आहे: तीन अनुभवी माणसं तुमचं एक पान 1 ते 9 गुणांत तोलतात आणि कुठे थांबलो, का थांबलो, ते तोंडावर सांगतात.

पहिला लेखक कोण, डेटा कोणाचा, आणि पुढच्या अनुदानात मेंटॉरची भूमिका काय, हे पहिल्याच महिन्यात लिहून ठेवावं. यात संकोच करण्यासारखं काही नाही. नंतर विचारायला गेलं की तेच अवघड होतं.

समुदाय सल्लागार मंडळाचाही वापर करून घ्यावा. एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांचं असं मंडळ बहुतेक केंद्रांत असतं. त्यांना तयार प्रश्नावली दाखवून होकार घेणं म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणं. त्यांच्याकडे आराखडा कच्चा असतानाच जावं; 40 प्रश्नांची कलंकाची मोजपट्टी भरून घ्यायची की 12 प्रश्नांची लघु आवृत्ती, हे ते पाच मिनिटांत सांगतील.

पुढे काय

पायलट संपायची वाट पाहून पुढचा अर्ज लिहू नये. एनआयएचला अर्ज दिल्यापासून पैसा येईपर्यंत सहज नऊ-दहा महिने जातात, आणि पहिल्याच फेरीत मंजुरी क्वचित मिळते. हस्तक्षेपाचं, म्हणजे उपचार किंवा वर्तनबदल करून पाहण्याचं, काम असेल तर एनआयएमएचचं आर-34 हा स्वाभाविक पुढचा टप्पा: 3 वर्षांत 4,50,000 डॉलरपर्यंत थेट खर्च, कोणत्याही एका वर्षात 2,25,000 च्या आत. आर-21 मध्ये 2 वर्षांत 2,75,000. आर-03 वर्षाला 50,000 प्रमाणे 2 वर्षं. पायलटनंतर तेवढ्याच आकाराचं अनुदान घेण्यात फारसा अर्थ नाही, जुन्या डेटाचं विश्लेषण असेल तर गोष्ट वेगळी. के-23 घेणाऱ्याला 75 टक्के वेळ त्यात द्यावा लागतो आणि त्यातला संशोधनखर्च तुटपुंजा असतो. त्यांनी पायलट आधी घेऊन मोजमापाचा प्रश्न सोडवून टाकावा.

परदेशातल्या कामाच्या बाबतीत सध्या सावध राहावं. 1 मे 2025 रोजी एनआयएचने जाहीर केलं की परदेशी संस्थेला उपअनुदान देणारे पुरस्कार नवी रचना तयार होईपर्यंत दिले जाणार नाहीत. त्याआधीच्या जाहिरातींत परदेशी सहकाऱ्यांबद्दल लिहिलेलं वाचून अर्ज आखू नये. केंद्राच्या विकास विभागातल्या प्रशासकाला ईमेल करून, परदेशात एक डॉलरही खर्च करता येईल का, हे लेखी विचारावं. अशा कामात स्थलांतरित समुदायांबरोबर अमेरिकेतच पहिला टप्पा करणं अनेकदा शक्य असतं.

आणि अर्ज नाकारला गेला तर टिपणं मागून घ्या. बरीच केंद्रं ती देतात आणि पुढच्या फेरीत तोच प्रस्ताव सुधारून घेतात. परीक्षक त्याच विद्यापीठातले असतात; त्यांना पंधरा मिनिटं भेटून 'कोणत्या वाक्यावर तुम्ही थांबलात' एवढंच विचारलं तरी पुरे.